पेडल स्टील गिटार : कोल्हापुरात कुणी वाजवतंय का? आणि हा आवाज एकदम सगळीकडं कसा काय ऐकू यायला लागला?

रंकाळा_रात्रपाळी

मंडळी, एक विचारायचं होतं. माझं काम घरूनच असतं पण रात्रीचं, त्यामुळं कानाला काहीतरी संथ लावून बसतो, अँबियंट म्हणतात तसलं. त्यात एक आवाज सारखा यायचा. सारंगी म्हणावी तर नाही, कीबोर्ड म्हणावा तर त्यात बोटाचा स्पर्श कळतोय. चार-पाच सुरांचा झुबका एकदम सरकत येतो आणि मग त्यातला एकच सूर हळूच वर चढतो, बाकीचे जागच्या जागी. दोन महिने मी सिंथच समजत होतो. शेवटी शोधलं तर ते चक जॉन्सनचं 'बाल्सम्स', २०१७ चं, आणि वाद्य पेडल स्टील गिटार. म्हणजे ते अमेरिकन टोपीवाल्यांच्या गाण्यात मागं 'उईंऽऽ' करून रडत असतंय बघा, तेच! डोक्याला हातच लावला.

तेव्हापासून जिकडं तिकडं तेच ऐकू यायला लागलंय, म्हणजे आधी पण असणारच पण कान तयार नव्हता. तर प्रश्न असे की हे कंट्रीतनं, म्हणजे त्या टोपीवाल्यांच्या संगीतातनं, बाहेर पडलं कधी आणि कसं, आपल्याकडची जुनी हवाईन गिटार ती हीच का, आणि मी साधी गिटार ८ वर्षं वाजवतोय तर मला हे जमेल का, कोल्हापुरात कुणाकडं आहे का नुसतं बघायला तरी. इथल्या एका दुकानात विचारलं तर मालक म्हणाले पेडल आहे की, आणि वाहवा करणारं एक इफेक्टचं पेडल काढून पुढ्यात ठेवलं. त्यांचं पण काय चुकलं म्हणा.

जुना_ऑर्केस्ट्रावाला

वा, बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हवाईनचं नाव काढलं. बाळा, तू म्हणतोस ती आणि आमची हवाईन एकाच आजीची नातवंडं आहेत पण एक नव्हेत.

मी सत्तरच्या दशकात ऑर्केस्ट्रात हवाईन वाजवायचो. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हातात नख्या. 'स्टील' म्हणतात ते त्या कांडीमुळं, गिटार काय स्टीलची नसते, हे पण लोकांना सांगावं लागायचं. सहा तारा, पेडल बिडल काही नाही. गणपतीत पेठेत कार्यक्रम असला की मध्यंतरानंतर एक गाणं नुसतं हवाईनवर असायचं, गायक तेवढ्यात चहा पिऊन यायचा. लोक शब्द मनात म्हणत बसायचे. भावगीताला तर ते वाद्य असं बसायचं की विचारू नको, कारण गळा जसा एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जातो तसंच ते जातं, मध्ये पडदा आडवा येत नाही.

हे आलं हवाई बेटांवरनं. तिथल्या जोसेफ केकुकू नावाच्या पोरानं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तारांवर लोखंडाचा तुकडा घासून ही पद्धत काढली असं सांगतात. आणि आपल्या देशात ते कलकत्त्यात रुजलं. ताऊ मो म्हणून हवाईचाच कलाकार आपल्या कुटुंबासकट १९४० च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिला होता, त्यानं तिथं शिकवलं. पुढं व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या नुसत्या गिटारवर वाजवलेल्या फिल्मी गाण्यांच्या तबकड्या घरोघरी होत्या. आणि ब्रिजभूषण काब्रांनी तर त्याच्यावर रागदारी वाजवली, १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमारांचं संतूर, हरिजींची बासरी आणि तिसरी ती काब्रांची गिटार. लोक पहिली दोन नावं घेतात आणि तिसऱ्याला विसरतात, माझा जुना राग आहे हा.

मग कॅसिओ आला आणि आमची हवाईन गेली कॉटखाली. अजून तिथंच आहे. पण पेडलवाली मात्र मी आयुष्यात डोळ्यांनी पाहिलेली नाही, तेव्हा त्याच्यातलं कुणी जाणकारानं सांगावं.

पायपेटी

मी मूळचा शाहूपुरीचा, आता पुण्यात. माझ्याकडं एक सेकंडहँड पेडल स्टील आहे, तीन वर्षं झाली, अजून येत नाही म्हणायला हरकत नाही. पण सांगतो.

काकांनी सांगितलेल्या हवाईनची अडचण काय तर कांडी सरळ असते. कांडी सरकवली की सगळ्या तारा सारख्याच सरकणार. म्हणजे तुम्ही एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, घेतली की ती जशीच्या तशी वर जाते किंवा खाली येते, तिची जात बदलत नाही. ही अडचण सोडवायला अमेरिकेत लोकांनी वाद्याला पाय लावले, खाली पेडलं बसवली. पेडल दाबलं की ठरलेल्या एक-दोन तारा ओढल्या जातात आणि ठरलेल्या सुरापर्यंतच चढतात. गुडघ्यानं ढकलायच्या पट्ट्या पण असतात, त्यांनी काही तारा चढतात काही उतरतात. म्हणून मी माझ्या घरी त्याला पायपेटी म्हणतो, आजीच्या काळातल्या नाटकातल्या ऑर्गनसारखं हात-पाय सगळेच कामाला.

आता हे आपल्या भाषेत. सगळ्यात चालणारं ट्यूनिंग ई-नाइन, दहा तारा. त्यातल्या तीन धरा, सा ग प. पहिलं पेडल दाबलं की प चा ध होतो. दुसरं दाबलं की ग चा म होतो. दोन्ही एकदम दाबली की सा ग प चं झालं सा म ध, आणि सा अजिबात हललेला नाही! तू जे म्हणालास ना की एक सूर चढतो आणि बाकीचे जागच्या जागी, ते हेच. सगळी जादू इथं आहे, बाकी सगळं नंतरचं.

१९५४ साली वेब पिअर्सच्या 'स्लोली' गाण्यात बड आयझॅक्सनं असंच सूर वाजत असताना पेडल दाबलं आणि तारा वाकताना लोकांनी पहिल्यांदा स्पष्ट ऐकल्या. त्यानंतर नॅशव्हिल या कंट्रीच्या पंढरीतल्या प्रत्येकाला तेच पाहिजे होतं. म्हणून ते कंट्रीचं झालं. नाहीतर वाद्याच्या अंगात कंट्री असं काही नाही.

आणि 'बाहेर पडलं कधी' म्हणशील तर ते आत असं कधी पूर्ण बसलेलंच नव्हतं रे. पीट ड्रेक हा नॅशव्हिलचा पक्का स्टीलवाला, तो १९७० मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'वर वाजवून आला. एल्टन जॉनच्या 'टायनी डान्सर'मध्ये बी. जे. कोल आहे, तो तर इंग्लंडचा. नायजेरियात किंग सनी अडेच्या जुजू संगीतात ढोलांच्या गर्दीत डेमोला अडेपोजू पेडल स्टील वाजवायचा, १९८२ चा 'जुजू म्युझिक' लाव, दहा मिनिटांत तुझ्या डोक्यातनं काउबॉय टोपी उडून जाईल. अमेरिकेतच कृष्णवर्णीयांच्या हाउस ऑफ गॉड नावाच्या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून भजनाला स्टील आहे, आधी मांडीवरची आणि नंतर पेडलवाली, बाकी चर्चमध्ये जिथं ऑर्गन असतो त्या जागी. रॉबर्ट रँडॉल्फ त्यातनंच आला आणि २०२४ ला बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'वर पण वाजवून गेला.

तू ऐकतोस त्या संथ प्रकाराची सुरुवात मात्र ब्रायन इनोच्या १९८३ च्या 'अपोलो'पासून धरतात. चंद्रमोहिमांवरच्या फिल्मसाठी केलेलं ते संगीत, त्यात डॅनियल लान्वाचं पेडल स्टील आहे. अंतराळवीर बरोबर कंट्रीच्या टेप घेऊन गेले होते म्हणून ते वाद्य घेतलं असं इनो सांगतो. म्हणजे बघ, कंट्रीचं वाद्य थेट अंतराळाचा आवाज झालं. का झालं ते व्हॉल्यूम पेडलमध्ये आहे. उजव्या पायाखाली ते कायम असतं. तार छेडताना आवाज बंद ठेवायचा, छेडून झाली की पाय हळू दाबत आवाज वाढवायचा, छेडल्याचा 'टण' कुणाला ऐकूच येत नाही, नुसता सूर उगवतो. त्यावर रिव्हर्ब घातला की झालं तुझं रात्रपाळीचं संगीत. ल्यूक श्नायडरनं २०२० मध्ये 'आल्टर ऑफ हार्मनी' हा आख्खा अल्बम नुसत्या पेडल स्टीलवर केलाय, दुसरं वाद्यच नाही.

आणि सुझन अल्कॉर्न ऐकल्याशिवाय झोपू नकोस. टेक्सासमध्ये कंट्री बँडात वाजवून तयार झालेली बाई, पुढं मेसियां, पियाझोला या संगीतकारांचं असलं सगळं त्याच्यावर वाजवायला लागली. २०२५ च्या जानेवारीत गेल्या त्या. त्यांचं एकटीनं वाजवलेलं ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की आपण या वाद्याकडं एवढे दिवस किती कोत्या नजरेनं बघत होतो.

गांधार_उतरलेला

सगळं वाचलं, छान लिहिलंय, पण माझा एक मुद्दा. मी सतार शिकते त्यामुळं थोडी तिरकी बोलतेय असं वाटलं तर माफी. मींड घ्यायला एवढा लोखंडी कारखाना कशाला? विचित्रवीणेत नुसत्या गोट्यानं होतं, सतारीत तार ओढून होतं, मोहनवीणेवर विश्वमोहन भटसाहेबांनी १९९४ ला ग्रॅमी आणली तिला कुठं पेडल होतं? पेडल म्हणजे प वरनं ध वर जाणार आणि तिथं आपटून थांबणार. मधल्या श्रुतींचं काय, आंदोलनाचं काय? दरबारी रागाचा गंधार पेडलनं काढून दाखवा. शिवाय ट्यूनरच्या सुरात बांधलेलं वाद्य, त्याचा शुद्ध ग आपल्या कानाला चढलेलाच लागणार.

पायपेटी

ताई, दरबारीबद्दल हात जोडले, ते मला सतारीवर पण येत नाही.

पण दोन गोष्टी. एक, पेडल आपटलंच पाहिजे असं नाही, अर्ध्यात धरता येतं, हळूहळू पिळत नेता येतं, चांगल्या वाजवणाऱ्याचा पाय तेवढंच करत असतो. वर डावा हात मोकळाच आहे, कांडी हलवून आंदोलन तिथं देता येतं. म्हणजे मींड कांडीनं घ्या की, पेडल त्यासाठी नाहीच. पेडल आहे ते एक सूर हलताना बाकीचे धरून ठेवायला. सतारीवर तुम्ही एका तारेला मींड देता तेव्हा शेजारी दुसरी मींड उलट्या दिशेनं चाललीय असं होत नाही ना, इथं होतं.

दुसरी गोष्ट ऐकून तुम्हाला मजा वाटेल. स्टीलवाले ग ट्यूनरच्या काट्यावर लावतच नाहीत! तानपुऱ्यातनं जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो पियानोच्या ग पेक्षा साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन स्वरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली असतो, आणि हे नॅशव्हिलवाले कान लावून आपला ग तसाच खाली उतरवतात, कारण कॉर्डच्या तारा एकदम वाजताना चढा ग कुणालाच सहन होत नाही. कुणी पूर्ण १४ उतरवतं, कुणी बँडमध्ये कीबोर्ड आहे म्हणून थोडं कमी. तिकडं यावर भांडणं होतात, आपल्याकडं श्रुतींवरनं होतात तशीच. तुमचं आयडी वाचूनच मला हे सांगायचं होतं खरं तर.

गांधार_उतरलेला

हे माहीत नव्हतं. बरं, अर्धा मुद्दा मागं घेते. दरबारीचा ठेवते.

उद्यमनगर_टर्निंग

उशिरा आलो. भावा, बघायचंच असंल तर माझ्याकडं ये, उद्यमनगरात, अर्धवट केलेली एक पडलीय. हसू नका कुणी.

झालं काय, लॉकडाऊनमध्ये लेथ बंद, मी मंडळाच्या बेंजोत वाजवणारा, बसल्या बसल्या मोबाइलवर पेडल स्टीलची खालची बाजू बघितली आणि मला आवाजाआधी ते खालचं मशीनच आवडलं. रॉड, क्रँक, स्प्रिंग, शाफ्ट, हे तर आपलंच काम! म्हटलं करूया. आधी कांडी केली. एस एस ३०४ चा २२ मिलीचा रॉड, ८२ मिली लांब, एक टोक गोळीसारखं गोल, किराणावाल्याच्या काट्यावर पाव किलोला १४-१५ ग्रॅम कमी भरली. पहिल्यांदा टर्निंग करून नुसता पॉलिश पेपर मारला आणि जाड तारेवर ठेवली तर अशी खरखर की कुत्रं उठून गेलं. डोळ्याला न दिसणारी टूलची रेघ तारेला बरोबर कळते. बफिंगला देऊन आरशासारखी केली तेव्हा कुठं गप्प झाली.

मग पेडल. इथं माझी चूक झाली. मी म्हटलं रॉड कशाला, स्कूटरच्या क्लचची केबल टाकू, वळवायला सोपी. पेडल दाबलं की सूर चढायचा, नाद खुळा, सगळ्या गल्लीला बोलवून दाखवलं. पण सोडलं की तार मूळ सुरावर परत येईना. कधी थोडी वर राहायची कधी खाली. केबल आपल्या कव्हरात अडकत अडकत सरकते, त्यामुळं प्रत्येक वेळी परत येण्याची जागा वेगळी. ब्रेकला चालतंय, कानाला चालत नाही. सगळं काढलं आणि ३ मिलीचे सरळ रॉड टाकले तेव्हा परत यायला लागली.

त्यानंतर जे झालं ते अजून सुटलेलं नाही. दोन्ही पेडलं दाबली की जी तार हलायलाच नको, पायपेटी भाऊंचा तो सा, तोच उतरतोय. ट्यूनरवर ६-७ सेंट. पंधरा दिवस डोकं फोडून घेतलं, रॉड बघितले, स्प्रिंग बदलल्या. मग एकदा खाली आडवा पडून टॉर्च मारून बघितलं तर पेडल दाबल्यावर सागवानी फळीच केसभर वाकत होती. फळी वाकली की दोन्ही टोकं जवळ येणार, तारा ढिल्या पडणार, सगळा बाजार उतरणार. तिकडं पण हा रोग आहे म्हणे, महागड्यात पण थोडा असतो. मी खाली अॅल्युमिनियमचा चॅनल टाकून बघणार होतो, तेवढ्यात कामं सुरू झाली.

आणि तिसरी तार तुटते. ११ नंबरची बारीक, तिलाच सारखं ओढतंय ते दुसरं पेडल. डझनावारी घेऊन ठेवायच्या.

पेठेतला_बेंजो

एवढा सगळा कुटाणा करण्यापेक्षा बेंजो शिक की भावा. दोन तासांत नागिन येतंय. 😄

जुना_ऑर्केस्ट्रावाला

उद्यमनगरवाले, मी येतो बघायला. चॅनलपेक्षा फळीच्या आत उभी पट्टी घालून बघा, कारण सागवान आडवं नमतं, उभं नमत नाही. मिरजेत तानपुरा करणारे भोपळ्याच्या गळ्याशी लाकूड कसं जोडतात ते एकदा जाऊन बघा, ओढ कुठं पडणार हे त्यांना हाताला कळतं. पन्नास किलोमीटर तर आहे.

पायपेटी

टर्निंग भावा, तू क्लच केबल लावून सूर चढवलास हे वाचून मी ऑफिसात मोठ्यानं हसलो. पण त्या फळी वाकण्याच्या आजारावर तिकडचे कारागीर पन्नास वर्षं उपाय शोधतायत, तू पंधरा दिवसांत रोग ओळखलास, विषय हार्ड.

रात्रपाळी, तुझ्या घेऊ का न घेऊ वर माझं स्पष्ट मत, आत्ता घेऊ नको. तिकडं नवशिक्यांची साधी सुद्धा हजार डॉलरच्या खाली सहसा येत नाही, त्यावर जहाजभाडं आणि कस्टम. दोन गळ्यांची, म्हणजे तारांचे दोन संच असलेली, असली तर पेटीसकट पंचवीस-तीस किलो, गाडीवरनं न्यायचा प्रश्नच नाही. आणि ८ वर्षांची गिटार इथं फारशी कामाला येत नाही, उलट डाव्या हाताला बोटं दाबायची सवय असते ती मोडावी लागते. मला सहा महिने नुसती कांडी पडद्याच्या रेघेवर बरोबर ठेवायला लागले, कारण इथं पडदे नुसते रंगवलेले असतात, सूर कान लावून धरायचा. मी उलटं केलं, आधी पेडल स्टील घेतली आणि मग रडलो. तू आधी काकांची कॉटखालची हवाईन माग. कांडीचा हात बसला की मग पायाचं बघू.

रंकाळा_रात्रपाळी

एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून थँक्स. काल 'जुजू म्युझिक' लावलं, टोपी खरंच उडाली. अल्कॉर्न बाईंचं मात्र रात्री तीनला एकट्यानं ऐकायला नको होतं, काम बाजूलाच राहिलं.

काकांना मेसेज केलाय. ते म्हणाले हवाईन देतो पण तारा गंजल्यात आणि कांडी सापडत नाही, नातवानं खेळायला नेली होती. मग टर्निंग भावाला फोन केला, तो म्हणाला २२ मिलीचा तुकडा शिल्लक आहे, बफिंगचे पैसे तेवढे दे. रविवारी सकाळी उद्यमनगरात जमतोय, काका पण येतायत, उभ्या पट्टीचं लाकूड घेऊन. पुण्यातनं पायपेटी भाऊ येत असतील तर मिसळ माझ्याकडून. आणि गांधारताई, तुम्ही आलात तर ग तुम्ही लावून द्या, आम्हाला १४ सेंट ऐकू येतात का तेच बघायचंय.

गांधार_उतरलेला

येते. ट्यूनर आणू नका कुणी.